मॅडम, नेटवर्क नाही

"सर, फोन थोडा मागे घ्या. मला फक्त तुमचं पोट दिसतंय."

मंगळवारची सकाळ, साडेसात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. डब्यात घरचा चिन्नोर, जो मला आता मोजून एक वाटी मिळतो. फोन मागे घ्यायला जागा नव्हती, म्हणून मीच मागे सरकलो. तिथे खाट होती. ती पोटरीला लागली आणि मी धप्पकन तिच्यावर बसलो.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "आता हाताचा आधार न घेता उठा. परत बसा. असं दहा वेळा."

म्हणजे मी पडलो, तोही व्यायामच निघाला.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर होतो, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक. पवनी तालुक्यातल्या ज्या ज्या शाळेत गेलो तिथे कवायत माझ्याकडे आली, कारण माझ्याजवळ शिट्टी होती. पितळेची, अस्सल भंडाऱ्याची. पद्धत ठरलेली. मी कडुनिंबाखाली खुर्चीत, पोरं उन्हात. मी शिट्टी मारायची, पोरांनी हात वर करायचे. दोनशे पोरांचे हात मी हजारो वेळा वर करवले असतील, स्वतःचा एकदाही केल्याचं आठवत नाही. झेंड्याला सलामी द्यायचो, तेवढाच उजव्या कोपराला व्यायाम. आता नागपुरात बसलेली, माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान अशी एक फिजिओथेरपिस्ट मला ऐंशीएक किलोमीटरवरून म्हणते, "सर, डावा हात अजून वर. कानाला लागला पाहिजे." आणि मागे परसात धुणं धूत असलेली आमची ही म्हणते, "लागला नाही बाई, खोटं सांगून रायले."

हे सगळं सुरू झालं मंडईपासून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे पाहुणे, पाहुणे म्हणजे मटण आणि मटणानंतर रात्रभर नाटक. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या येतात, रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि पहाट झाली की खाली येतो. लाखांदूरकडे सासुरवाडीला आम्ही मंडईला गेलो होतो. जेवणं झाली. ताटात काय काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण हा लेख मॅडमही वाचतील. नाटकाच्या तिसऱ्या अंकात पोराने घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बापाला झटका येतो आणि तो छाती धरून कोसळतो, असा प्रवेश होता. नट फार जीव ओतून कोसळला. त्याच घटकेला माझ्याही छातीवर कोणीतरी धानाचं पोतं ठेवल्यासारखं झालं. मी छाती धरली. घाम फुटला. बाजूला बसलेल्या मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःचे डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लई हळवे आहेत आमचे जावई."

पुढच्या अंकापर्यंत मी हळवाच राहिलो. मग सोडा पाजला गेला, ओवा चघळायला दिला गेला, पित्ताची गोळी झाली, आणि उजाडता उजाडता गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. एक नळी बंद होती. तिच्यात स्टेंट बसवला. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत कमाल मर्यादा घातली. औषध लावलेला २९,६०० रुपये, साधा ७,२६०. नेमक्या व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर हृदयं स्वस्त झाली होती. हे मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझी तीन महिन्यांची शुगर पाहिली होती.

घरी आल्यावर भेटणाऱ्यांची रांग लागली. आपल्याकडे हृदयाच्या रोग्याला भेटायला येणारा माणूस पपई आणतो आणि सल्ला ठेवून जातो. सगळ्यांचा सल्ला एकच: हलू नका. पायऱ्या चढू नका, पाण्याचा तांब्या उचलू नका, जोरात बोलू नका. मला हे सल्ले फार आवडले. ते अगदीच अडाणी होते असंही नाही. एके काळी मोठमोठे डॉक्टर हेच सांगत. झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे खाटेवर सपाट झोपवून ठेवत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या लेव्हिन आणि लाउन या दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांना उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याच दवाखान्यातले लोक धास्तावले होते. रोगी मरतील असं वाटत होतं, ते तर उलट लवकर सुधारू लागले. याच लाउनसाहेबांनी इतरांसोबत उभ्या केलेल्या अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या संघटनेला १९८५ साली शांततेचं नोबेल मिळालं. रोग्याला खाटेवरून उठवणाऱ्या माणसाकडे शांततेचं पारितोषिक जावं, याचं मला नवल वाटतं. मला खाटेवरून उठवण्याच्या कामात आमच्या घरातली होती नव्हती तेवढी शांतता संपली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तर खुर्चीवरही समाधान मानलं नाही. "आठवड्यातून तीन दिवस इथे यायचं. आमच्या देखरेखीत व्यायाम. बारा आठवडे." मी हिशेब केला. पवनीहून उमरेडमार्गे नागपूर ऐंशीएक किलोमीटर. जाऊन येऊन एकशेसाठ, छत्तीस फेऱ्या: पाच हजार सातशे साठ किलोमीटर. तेवढ्यात श्रीनगरला जाऊन परत येऊनही किलोमीटर उरले असते. पाऊण तास चालण्यासाठी चार तास बसून राहायचं! हे मी डॉक्टरांना गणिताच्या मास्तराच्या थाटात समजावून सांगितलं आणि सुटलो असं समजलो. ते म्हणाले, "बरोबर आहे. मग घरीच करा, फोनवर."

तरी चार महिने मी टाळले. आधी थंडी होती, मग भाचीचं लग्न. एप्रिलअखेर तपासणीला गेलो तेव्हा शुगरचा आकडा पाहून डॉक्टरांनी माझ्याशी बोलणंच सोडलं, हिच्याशी बोलले. तिथून पुढे मी रोगी राहिलो नाही, विद्यार्थी झालो.

पहिल्या दिवशी मॅडमनी नियम सांगितले. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. (तो दवाखान्यातच सुटला होता, पण सुपारीची पुडी कुठे कुठे ठेवली आहे हे हिने फोनकडे तोंड करून जागेनिशी सांगितलं.) व्यायामाआधी शुगर मोजायची. शंभराच्या खाली असली तर आधी काहीतरी खायचं, मग हात हलवायचे. अनवाणी नाही, बूट घालायचे, आणि रात्री तळपाय पाहायचे, कारण शुगरवाल्याला काटा रुतलेला कळत नाही. जिभेखालची गोळी खिशात. "आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबायचं. थांबूनही बरं वाटलं नाही तर मला फोन करत बसू नका, १०८ ला करा."

मग परीक्षा. सहा मिनिटं चालायची. सरळ, सपाट तीस मीटरची वाट हवी. तिच्यावर जा-ये करत सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजायचं. यंत्र नाही, धावपट्टा नाही, फक्त घड्याळ. एवढी साधी परीक्षा चौतीस वर्षांत मी कधी घेतली नाही. पण तीस मीटर सरळ वाट पवनीच्या जुन्या वस्तीत आणायची कुठून? हे गाव अडीच हजार वर्षांहून जुनं मानतात. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या खोदकामात बौद्ध स्तूप निघाला. इतक्या जुन्या गावात कोणतीही गल्ली तीस मीटर सरळ जात नाही, मधे कोणाचा तरी ओटा येतोच. शेवटी विजेच्या खांबापासून हातपंपापर्यंत नातवाने पट्टीने मोजून एकोणतीस मीटर भरवले आणि एक मीटर मॅडमनी माफ केला.

परीक्षेत बोलायला बंदी. मॅडम सकाळी सात वाजता फोनवर, फोन नातवाच्या हातात, मी झपाझपा निघालो. आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता बूट घालून, कोणाशी न बोलता, झपाझपा चालणाऱ्या म्हाताऱ्याचा एकच अर्थ होतो.

"गुरुजी, कोण वारलं जी?"

मी बोललो नाही. न बोलल्याने खात्री पटली. समोरच्या घरातून एकजण खांद्यावर दुपट्टा टाकत आले. हातपंपावर मी वळलो तेव्हा तेही वळले. चौथ्या मिनिटाला माझ्यामागे तिघं चालत होते, तिघांचीही तोंडं उतरलेली, आणि मधल्याने हलक्या आवाजात विचारलं, "घाटावर की इकडंच?" सहावं मिनिट संपलं, नातू ओरडला, "आजोबा, स्टॉप!" आणि मी खांबाला धरून उभा राहिलो. तीनशे अठरा मीटर. "मेलं कोनी नाही," हिने दारातून जाहीर केलं, "मरू नये मनून चालून रायले." माझ्या आजाराची इतकी नेमकी व्याख्या डॉक्टरांनाही जमली नव्हती.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. आमच्या भागात रिकामं चालणं ही चैन नाही, ते संशयास्पद वर्तन आहे. माणूस चालतो तो धानाच्या बांधीवर जायला, बाजाराला, बोडीवर, नाहीतर मयतीला. "कुठी चालले जी?" याचं उत्तर "कुठी नाही" असं दिलं की समोरचा थांबतो. "मंग काहून चालून रायले?" याला उत्तर नाही. शुगर आहे म्हणून, असं म्हणावं तर पुढची पंधरा मिनिटं कारल्याच्या रसावर जातात. मी आता हातात एक रिकामी पिशवी ठेवतो. पिशवी असली की कोणी काही विचारत नाही.

मधल्या काळात आशाताई आल्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा एक कागद त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, आई-बापाला बीपी-शुगर होतं का, कंबर किती, आठवड्यात दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का. प्रत्येकाला गुण, आणि चारपेक्षा जास्त गुण मिळाले की पुढच्या तपासणीला नाव. कंबर मोजायला त्यांनी टेप काढला. पुरुषाची कंबर शंभर सेंटिमीटरच्या पुढे गेली की पूर्ण गुण. मी एकशे चारवर पूर्ण मिळवले. आयुष्यभर गुण वाटत आलो, पण स्वतःला इतक्या सहज पूर्ण गुण कधी मिळाले नव्हते. मग टेप हिच्याकडे वळला. हिचं वय अठ्ठावन्न, कंबर चौऱ्याऐंशी, आईला बीपी. सहा गुण. "आठवड्यात दीडशे मिनिटं मेहनत होते का काकू?" आशाताईंनी विचारलं. ही पाण्याच्या दोन गुंड्या घेऊन उभी होती. तिने गुंड्या खाली ठेवल्या आणि इतकी हसली की आशाताईंनी उत्तर स्वतःच लिहून घेतलं. "पण उपकेंद्रात येऊन बीपी तपासून घ्या काकू." "येतो ना बाई. रोवणी होऊ दे."

मॅडमच्या शिकवण्यात एक गोष्ट मला मास्तर म्हणून पटली: त्या 'का' सांगत. मी विचारलं, नाडी मोजून का नाही ठरवायचं किती जोर लावायचा? जिममध्ये म्हणे दोनशेवीस वजा वय असं सूत्र असतं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला नाडी मंद ठेवायची गोळी चालू आहे. तुम्ही घाटाच्या पायऱ्या धावत चढलात तरी नाडी ऐंशी-नव्वदच दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल अजून दम आहे." म्हणून मग बोर्ग यांची मोजपट्टी. गन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. आपल्याला किती दमल्यासारखं वाटतं, त्याला आकडा द्यायचा. पट्टी सहापासून सुरू होते आणि वीसवर संपते. शून्यापासून का नाही? कारण त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाची नाडी अदमासे निघते. सहा म्हणजे साठ, वीस म्हणजे दोनशे. मला ही पद्धत फार आवडली. काही न करता बसून राहणाऱ्यालाही सहा गुण देणारी परीक्षा आमच्या शिक्षण खात्याला अजून सुचलेली नाही. मला अकरा ते तेराच्या मधे राहायचं होतं. सोपी खूण अशी: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. "मला बसल्या जागीही गाता येत नाही," मी म्हणालो. "यायला नको बाप्पा," परसातून आवाज आला.

शुगरचंही तसंच. मला वाटायचं, चालल्याने साखर 'जळते', जसं काही पोटात चूल आहे. मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं: इन्सुलिन म्हणजे रेशन दुकानावरचा अंगठा. अंगठा उमटला तर धान्य आत. माझ्यासारख्याचा अंगठा झिजलेला, मशीन घेत नाही, धान्याचं पोतं दारातच. तीच रक्तातली साखर. पण काम करत असलेल्या स्नायूला दुकानदार मागच्या दाराने पोतं देतो, अंगठा न लावता. म्हणून जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की भाताने चढणारी साखर तेवढी चढत नाही. भात सुटणार नव्हता. भंडारा जिल्ह्यात राहून भात सोडायचा तर मतदार यादीतलं नाव आधी काढून घ्यावं लागेल. म्हणून ठरलं, वाटीभर भात आणि त्यावर शतपावली. पूर्वी आमच्या आजोबांना शतपावलीचं कारण माहीत नव्हतं, तरी ते करत. मला कारण पाठ झालं तरी शंभरातली चाळीसच होत.

आणि त्या न झालेल्या साठांची भरपाई करताना मी पकडला गेलो.

फोनमध्ये पावलं मोजायची सोय आहे. आकडे आपोआप मॅडमकडे जात. मेचा महिना, ऊन चव्वेचाळीस अंश. मी फोन नातवाच्या खिशात टाकला आणि त्याला म्हणालो, "जा, खेळ." तो आठ वर्षांचा. संध्याकाळी फोनवर चौदा हजार पावलं. मी समाधानाने झोपलो. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "सर, काल दुपारी दोन ते तीन तुम्ही धावलात. चव्वेचाळीस अंशांत. मध्ये एकवीस मिनिटं तर झाडावर चढल्यासारखी हालचाल आहे." नातू बाजूलाच होता. तो म्हणाला, "आंब्याच्या."

मी हल्ला हाच बचाव समजून म्हणालो, मॅडम, मुळात दहा हजार पावलांचा आकडा कोणत्या डॉक्टराने काढला? मी वाचलं आहे. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचा मीटर असं होतं. तिथून हा आकडा जगभर गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे सर. त्याच्या बऱ्याच आतही फायदा दिसतो. तुम्ही सहा हजार करा. पण स्वतःच्या पायांनी."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. ते मला माझ्याच विद्यार्थ्यांनी शिकवलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि त्याच दिवशी सरकारने फोनवरून रोगी तपासण्याची नियमावली काढली. डॉक्टर फोनवर गेले, तसे आम्ही मास्तरही. निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष मी व्हॉट्सॲपवर भागाकार शिकवला. पाढे म्हणायला सांगितलं की पोरं म्हणायची, "सर, आवाज कटून रायला... सर, नेटवर्क नाही..." आणि कॅमेरा बंद. मी त्यांना म्हणायचो, "ठीक आहे बेटा, मग पाढा म्हणतानाचा व्हिडिओ करून पाठव."

जूनमधल्या एका मंगळवारी उठा-बशांचा तिसरा डाव आला तेव्हा मी चेहरा स्थिर केला, ओठ न हलवता म्हणालो, "मॅडम... नेटवर्क... नाही..." आणि पुतळ्यासारखा उभा राहिलो. फार छान जमलं होतं. पण मागून ही झाडू घेऊन गेली, आणि माझ्या गोठलेल्या चित्रात ती एकटीच हलताना दिसली.

"ठीक आहे सर," मॅडम म्हणाल्या. "मग उठा-बशांचा व्हिडिओ करून पाठवा."

माझ्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एकजण आहेत. त्यांचं मत पडलं की ही सगळी साहेबी थेरं आहेत, आपलं योगासन काय वाईट? वाईट काहीच नाही, आणि त्यांना वाटतं तसं कोणी ते नाकारलेलंही नाही. झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार रोग्यांवर देशातल्या चोवीस दवाखान्यांत योग-केअर नावाचा अभ्यास झाला, २०२० साली तो छापून आला. योगावर बेतलेला तेरा सत्रांच्या आसपासचा कार्यक्रम ज्यांना दिला ते आधीच्या कामांवर जास्त चांगले परतले, त्यांना स्वतःला बरंही जास्त वाटलं. पुन्हा झटका येण्यात मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही. हे सगळं मी पोस्टवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग उद्यापासून करू." ते उद्यापासूनच करत आहेत.

मला स्वतःला जास्त पटला तो लंडनच्या बसचा अभ्यास. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो १९५३ साली छापला. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असत, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करत. दोघांचा सामाजिक थर जवळपास तोच, पण हृदयाचे झटके ड्रायव्हरांना जास्त. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले. आमच्या एसटीला दुसरा मजला नाही. पण भंडाऱ्याच्या गाडीत बाजाराच्या दिवशी पुढून मागे तिकिटं फाडत जाणारा कंडक्टर मी पाहिला आहे. बोर्गच्या पट्टीवर तो सतराच्या खाली येत नसावा.

आणखी एक गोष्ट वाचली, ती वाचून गप्प बसायला हवं होतं. अठराव्या शतकातले इंग्लंडचे डॉक्टर हेबर्डेन. छातीतल्या या दुखण्याचं वर्णन त्यांनी १७७२ साली मांडलं. त्यांनी आपल्या एका रोग्याबद्दल लिहून ठेवलं आहे की तो रोज अर्धा तास लाकडं करवतीने कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. अडीचशे वर्षांपूर्वीचं घरच्या घरी व्यायामाचं प्रिस्क्रिप्शन! मी हे कौतुकाने हिला वाचून दाखवलं. ही उठली आणि सांदवाडीतून करवत घेऊन आली. पावसाळ्याची सरपणाची लाकडं चार दिवस तशीच पडली होती. माझ्या सुदैवाने मॅडमनी मोडता घातला: श्वास रोखून जोर लावायचा नाही, तसं केलं की बीपी एकदम उसळतं, आणि करवत ओढताना नवशिका माणूस नेमका श्वास रोखतो. "बारा आठवडे झाल्यावर पाहू." हिने कॅलेंडरवर बारावा आठवडा गोल करून ठेवला.

पाऊस लागला. धानाची रोवणी आली. आमची दीड एकराची बांधी हीच पाहते. माझी सातबाऱ्यावरची सही सोडली तर त्या शेतीशी माझा संबंध ताटापुरता. एका सकाळी मी अंगणात रबरी पट्टा छातीसमोर ताणत उभा होतो, दोन्ही हात पसरलेले. रोवणीला निघालेल्या बायांचा घोळका पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन दारातून जात होता. एकजण थांबली. "गुरुजी काय मागून रायले मा देवाले?" दुसरी म्हणाली, "पानी तं पडून रायला." या बाया दिवसभर घोट्याएवढ्या चिखलात कमरेत वाकून असणार, आणि मी पट्टा. मला थोडी लाज वाटली. पण तेवढ्यावरून 'कष्टकऱ्याला कुठला आला रोग' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्याच घोळक्यातल्या दोघींच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि एकीची रोवणीच्या दिवसांत हमखास चुकते, कारण गोळी घेऊन शेतात गेलं की चक्कर येते आणि न घेता गेलं की मजुरी मिळते.

बारावा आठवडा. गल्लीत चिखल, म्हणून परीक्षा शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. माझीच शाळा. आठ खोल्यांचा व्हरांडा, तीस मीटर सरळ, सपाट. तो बांधून घ्यायला मी अर्ज केले होते तेव्हा तो माझ्यासाठी आहे हे माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत निघालो तर दीडशे पोरं भिंतीला रांगेने उभी. "गुरुजी, जोरात! गुरुजी, हात हलवा!" एकाने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मी चाललो. तीनशे शहाण्णव मीटर. तीस-पस्तीस मीटर वाढले तरी खरी सुधारणा मानतात, माझे अठ्ठ्याहत्तर वाढले होते. कंबर एकशे चारवरून नव्व्याण्णव, म्हणजे आशाताईंच्या कागदावर एक गुण गेला. शुगरचा आकडाही असा आला की डॉक्टर परत माझ्याशी बोलू लागले.

ही छत्री घेऊन मला न्यायला आली होती. शेतातूनच, पायाला चिखल. मॅडमना फोनच्या कोपऱ्यात दिसली. "काकू, आलाच आहात तर सहा मिनिटं तुम्हीही चाला ना." ही आधी लाजली, मग नऊवारीचा ओचा खोचला, चपला कडेला काढल्या आणि निघाली. पोरं ओरडायची थांबली, मोजायला लागली. चारशे एकतीस मीटर. मला म्हणाली, "एवढ्यासाठी बारा आठवडे लागले?"

मॅडमनी विचारलं, काकूंचं बीपी कधी पाहिलं होतं? मी हिच्याकडे पाहिलं, हिने छत्रीकडे. उपकेंद्र शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे. पाच मिनिटं बसवून सिस्टरांनी मोजलं: १६२ वर ९८. दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं, फार फरक नाही. गोळी सुरू झाली. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, वेळ मात्र काढावा लागतो.

मंगळवार-शुक्रवार साडेसातचा वर्ग आता तिचा असतो. फोन तांदळाच्या डब्यालाच टेकवलेला. पहिल्याच शुक्रवारी ती दोन मिनिटं हात वर-खाली करून फोनकडे वाकली आणि अत्यंत निर्विकार चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, नेटवर्क नाही." मी लगेच कपाटात माझी पितळेची शिट्टी शोधायला गेलो. ती तिथे नाही. आठ दिवस झाले शोधतो आहे. हातात करवत आली, शिट्टी काही सापडत नाही.